पीपीई किटची खरी परीक्षा उतरवताना

केरळात निपाहचा रुग्ण सापडल्याची बातमी आली, की दूरचित्रवाणीवर एक दृश्य हमखास दिसते. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सुटात झाकलेली चार माणसे रुग्णवाहिकेतून स्ट्रेचर उतरवत असतात आणि गॉगलमागचे त्यांचे डोळेसुद्धा धड दिसत नाहीत. करोनाच्या काळात तर हे दृश्य आपल्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन ठेपले होते आणि ‘पीपीई किट’ हा शब्द किराणा दुकानदाराच्याही तोंडी रुळला होता. ते पाहताना मनात येते, की एवढे झाकून घेतल्यावर विषाणूला आत शिरायला फट उरतेच कोठे? तरीही अशा कपड्यांत काम करणारे डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार आजारी पडतात, तेव्हा ‘किट निकृष्ट असणार’ किंवा ‘त्यांनीच हलगर्जीपणा केला असणार’ या दोनपैकी एका निष्कर्षावर आपण लगेच येतो.

हे दोन्ही निष्कर्ष कधी कधी खरेही असतात. पण तिसरे कारण क्वचितच कोणाच्या लक्षात येते आणि ते कपड्याच्या घडणीत दडलेले आहे. अंगावर असताना हा कपडा आपले काम बहुधा चोख करतो. मात्र पाळी संपल्यावर तो उतरवण्याच्या पाच-दहा मिनिटांत, तासनतास बाहेर अडवून ठेवलेली घाण तो घालणाऱ्याच्याच मनगटाला, मानेला किंवा गालाला लावून जाऊ शकतो. त्यामुळे हे कपडे घडवणाऱ्यांपुढे आता दोन प्रश्न असतात. कपडा किती अडवतो हा जुना प्रश्न, आणि तो अंगातून कसा निघतो हा नवा.

आधी दोन शब्दांचा अर्थ पक्का करून घेऊ. पीपीई म्हणजे वैयक्तिक संरक्षक साधने. त्यात हातमोजे, गाऊन किंवा अंगभर सूट, मास्क, गॉगल किंवा फेस शील्ड आणि बुटांवरची आवरणे येतात. दुसरा शब्द ‘दूषण’. रुग्णाचे रक्त, उलटी, थुंकी किंवा असा कोणताही द्रव कर्मचाऱ्याच्या त्वचेला किंवा आतल्या कपड्यांना लागला, की त्याला दूषण म्हणायचे. दूषण म्हणजे लागण नव्हे. हाताला लागलेला विषाणू साबणाने धुऊन गेला, तर पुढे काहीच होत नाही. तोच हात डोळ्याला लागला, तर मात्र होऊ शकते. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

माद्रिदच्या रुग्णालयात काय घडले

२०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत इबोला या विषाणुजन्य रोगाची मोठी साथ आली. २८,६०० हून अधिक लोकांना रोग झाला आणि ११,३०० हून अधिक दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१५ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार मार्च २०१५ पर्यंत ८१५ आरोग्य कर्मचाऱ्यांना निश्चित किंवा संभाव्य इबोला झाला होता, आणि सर्वसाधारण प्रौढाच्या तुलनेत त्यांना लागण होण्याचा धोका, कामाच्या स्वरूपानुसार, २१ ते ३२ पट होता. त्यांतल्या निम्म्याहून अधिक नर्स आणि त्यांच्या सहायक होत्या. अनेकांकडे सुरुवातीच्या महिन्यांत पुरेसे हातमोजेसुद्धा नव्हते, तेव्हा हा सगळा दोष सुटाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

पण ऑक्टोबर २०१४ मध्ये स्पेनची राजधानी माद्रिद येथे एका नर्सिंग सहायिकेला इबोला झाला, तेव्हा साधनांच्या टंचाईचे कारण पुढे करता येईना. त्या साथीत आफ्रिकेबाहेर लागण होण्याची ती पहिली घटना होती. तिने सूट घातलेला होता, हातमोजे घातलेले होते, आणि रुग्णाच्या खोलीत ती मोजक्या वेळाच गेली होती. सूट उतरवताना हातमोजा चेहऱ्याला लागला असावा, असे तिला नंतर आठवले. ती बरी झाली. पण त्या एका स्पर्शामुळे युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांचे लक्ष कपडे उतरवण्याच्या खोलीकडे गेले.

कपडा नेमके काय अडवतो

या सुटांचे कापड मागावर विणलेले नसते. पॉलिप्रोपिलीन नावाचे प्लास्टिक वितळवून त्याचे बारीक तंतू एकमेकांवर पसरतात आणि लोकर दाबून नमदा करावा तसे ते उष्णतेने चिकटवतात. साधारणपणे बाहेरचे दोन थर ताकदीसाठी आणि मधला, फार बारीक तंतूंचा थर अडवण्यासाठी असतो. अंगभर सुटांच्या कापडावर बहुधा प्लास्टिकचा एक पातळ पापुद्राही चढवलेला असतो.

असे कापड पाण्याखाली धरले तर पाणी मोत्यांसारखे घरंगळून जाते, आणि विक्रेते हेच करून दाखवतात. अळवावरच्या पाण्याची गंमत आपल्याला ठाऊक आहेच. पण त्याच अळवाच्या पानावर साबणाचे पाणी टाकून पाहा. ते घरंगळत नाही, पसरते. रक्ताचेही काहीसे असेच आहे. पाण्यापेक्षा रक्ताचा पृष्ठताण, म्हणजे थेंब गोल राखून ठेवणारी ओढ, बरीच कमी असते, त्यामुळे पाणी जिथे अडते तिथून रक्त झिरपू शकते. म्हणूनच प्रयोगशाळेत हे कापड पाण्याने न तपासता, रक्ताइतकाच पृष्ठताण असलेल्या लाल रंगाच्या कृत्रिम रक्ताने तपासतात, आणि तेही दाब देऊन.

दाब कशाला? तंबूत पाऊस अडत असतो, पण आतून कापडाला बोट लावले की नेमके तिथूनच पाणी गळू लागते, हे सहलीला गेलेल्यांनी अनुभवले असेल. रक्ताने भिजलेल्या चादरीवर कोपर टेकवून सिस्टर रुग्णाला उचलते, तेव्हा कापडावर तसाच दाब येतो. आयएसओ १६६०३ या आंतरराष्ट्रीय चाचणीत दाबाच्या सहा पायऱ्या आहेत. करोनाच्या काळात आपल्या सरकारने किमान तिसरी पायरी बंधनकारक केली. तिथला दाब ३.५ किलोपास्कल, म्हणजे सुमारे ३६ सेंटिमीटर खोल पाण्याच्या तळाशी असतो तेवढा. पाण्याने भरलेल्या मोठ्या बादलीचा तळ डोळ्यांपुढे आणावा. सहाव्या पायरीचा दाब २० किलोपास्कल, म्हणजे दोन मीटर पाण्याइतका असतो.

कापड उत्तम असले तरी सूट शिवावा लागतो आणि शिवणीत सुईची भोके पडतात. म्हणून शिवणीवर गरम हवेने चिकटणारी पट्टी बसवतात. मार्च २०२० पूर्वी आपल्या देशात असे सूट जवळजवळ बनतच नव्हते आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत दिवसाला साडेचार लाख नग बनू लागल्याचे सरकारने सांगितले. त्या धावपळीत कापडाइतकीच ही पट्टी आणि ती बसवणारी यंत्रे कारखानदारांची डोकेदुखी ठरली होती. कोइंबतूरच्या ‘सिट्रा’ या वस्त्र-संशोधन संस्थेत नमुने तपासले जात, आणि पुढे भारतीय मानक ब्युरोने या सुटांसाठी आयएस १७४२३ हे मानक २०२० मध्येच काढले.

रंगपंचमीचा सदरा

आता मूळ मुद्द्याकडे. रंगपंचमी खेळून आल्यावर ओला, रंगलेला सदरा डोक्यावरून काढताना काय होते, ते आठवावे. तोपर्यंत जो कान कोरडा राहिला होता तो हिरवा होतो, बगलेत लाल डाग उमटतो, आणि काढून झाल्यावर हात पाहावेत तर आधीपेक्षा जास्त रंगलेले. रंग दिसतो म्हणून आपण तो धुतो. विषाणू दिसत नाही, एवढाच फरक.

संशोधकांनी नेमका हाच खेळ रुग्णालयात मांडला. अमेरिकेत ईशान्य ओहायोतल्या चार रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना हातमोजे आणि गाऊन घालायला दिले, त्यावर अतिनील प्रकाशातच चमकणारे मलम लावले, आणि ‘नेहमीप्रमाणे काढा’ असे सांगितले. नंतर दिव्याखाली पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातल्या ४३५ प्रयोगांपैकी ४६ टक्क्यांत मलम त्वचेला किंवा आतल्या कपड्यांना लागलेले आढळले. गाऊनपेक्षा हातमोजे काढताना ते अधिक वेळा लागले. त्याआधी २००८ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात माणसाला निरुपद्रवी असलेला विषाणू वापरला होता. तिथे लोकांनी कपडे उतरवण्याची अधिकृत पद्धत पाळली होती, तरी तो हातांवर आणि आतल्या कपड्यांवर पोहोचलाच.

याचे कारण समजायला जुन्या घरांतले सोवळे आठवावे. त्यातला सामाजिक भेद वाईटच होता, पण ‘याला शिवलेला त्याला शिवला’ ही स्पर्शाची साखळी आजीच्या मनात पक्की असे आणि हातातले काम करताना ती ती विसरत नसे. सूट उतरवणाऱ्याला असेच दोन प्रांत मनात धरावे लागतात: सुटाची बाहेरची बाजू मलिन, आतली बाजू स्वच्छ. मलिन हाताने मलिनाला धरायचे, स्वच्छाने स्वच्छाला, आणि कपडा असा गुंडाळत न्यायचा, की उशीचा अभ्रा उलटा करावा तशी बाहेरची बाजू आत जाईल. सांगायला हे सोपे आहे. बारा तासांच्या पाळीनंतर, गॉगलवर वाफ धरलेली असताना, पाठीमागची गाठ न बघता सोडायची असते, तेव्हा आजीसुद्धा चुकली असती.

काढायला सोपा कपडा कसा घडवतात

इथून पुढचे काम शिंप्याचे आहे. चूक कोठे होते ते दिव्याखाली दिसते, आणि जिथे चूक होते तिथे कपडा बदलायचा.

सगळ्यांत कच्ची जागा मनगट. बाही वर सरकते, हातमोजा खाली घसरतो आणि मध्ये दोन बोटे त्वचा उघडी पडते. काही जण तिथे चिकटपट्टी गुंडाळतात, पण ती काढताना ओढाताण होते, सूट फाटतो, हातमोजाला हिसका बसून थेंब उडतात. म्हणजे चढवतानाचा प्रश्न सोडवून उतरवतानाचा वाढवला. त्यापेक्षा बाहीच्या टोकाला अंगठा अडकवण्यापुरता एक फासा शिवला, तर बाही जागची हलत नाही. त्याहून चांगले म्हणजे बाही आणि हातमोजा एकमेकांना जोडूनच बनवणे, जेणेकरून दोन्ही एका झटक्यात, एकत्र उलटे होऊन निघतात.

दुसरी युक्ती इतकी साधी आहे, की ती आधी का सुचली नाही याचे आश्चर्य वाटते. हातमोजाच्या कडेला किंवा मास्कच्या पट्टीला चिमटीत धरण्यापुरते एक शेपूट ठेवायचे. धरायला जागा असली की बोट कडेच्या आत घालून त्वचेला घासत न्यावे लागत नाही. अत्यंत संसर्गजन्य रोगांसाठीच्या संरक्षक कपड्यांवर जगभर झालेल्या २४ अभ्यासांचा, म्हणजे २,२७८ व्यक्तींवरच्या प्रयोगांचा, कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात अशा शेपटामुळे मास्क काढतानाचे दूषण सुमारे एक तृतीयांशावर आणि हातमोजे काढतानाचे सुमारे एक पंचमांशावर आल्याचे दिसले. हे अभ्यास लहान आहेत आणि आढावा घेणाऱ्यांनीच त्यांचा पुरावा भक्कम नसल्याचे बजावले आहे. पण कापडाच्या एका इवल्या तुकड्याकडून याहून जास्त काय मागायचे?

तिसरी युक्ती चेन कोठे बसवायची याची. बहुतेक अंगभर सुटांची चेन पुढे, हनुवटीपर्यंत असते. म्हणजे ज्या छातीवर सर्वाधिक शिंतोडे उडाले तिथेच, चेहऱ्याच्या अगदी जवळ, हात न्यावा लागतो. इबोलाच्या साथीत बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ऑक्टोबर २०१४ मध्ये डॉक्टर, अभियंते, विद्यार्थी असे बरेच जण एका शनिवार-रविवारी नवा सूट घडवायला बसले, आणि त्यांच्यात लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या जिल अँड्र्यूज होत्या. या कामात त्यांचा काय संबंध, असे वाटेल. पण अंगाबरोबर बसणारा, पाठीमागून उघडणारा आणि दुसऱ्याच्या मदतीने चढवायचा-उतरवायचा कपडा शिवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यातून जो नमुना तयार झाला त्याची चेन पाठीवर होती, चेहऱ्यासमोरची मोठी पारदर्शक काच टोपीलाच जोडलेली होती, आणि कोशातून बाहेर यावे तसा तो फार कमी टप्प्यांत अंगावरून निघे. अमेरिकी सरकारच्या इबोला-विषयक स्पर्धेत त्याला डिसेंबर २०१४ मध्ये निधी मिळाला.

झबले बरे की अंगभर सूट?

सर्वसामान्य वाचकाला, आणि खरे तर बऱ्याच कर्मचाऱ्यांनाही, अंगभर सूट गाऊनपेक्षा सुरक्षितच वाटतो. जास्त झाकले म्हणजे जास्त वाचलो, हे गणित सरळ आहे. पण वर सांगितलेल्या आढाव्यात उलटा कल दिसला. लांब गाऊन घालणाऱ्यांत दूषण अंगभर सूट घालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले आणि सूट उतरवणे अधिक अवघड ठरले. नुसत्या एप्रनपेक्षा मात्र गाऊन चांगला ठरला.

गाऊन म्हणजे मोठ्या माणसाचे झबले. पुढून बंद, मागून उघडे, पाठीवर बंद बांधलेले. बाळाचे झबले असे का शिवतात? मानेचा तोल न सावरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून कपडा ओढावा लागू नये म्हणून. गाऊनचेही तेच: बंद सुटले, की दोन्ही बाह्या पुढे ओढून तो छातीपासून दूर, स्वतःपासून लांब गुंडाळत नेता येतो. पाय झटकावे लागत नाहीत, बुटावरून कापड घासत न्यावे लागत नाही. काही नव्या गाऊनांचे बंद ओढताच तुटतील असेच शिवलेले असतात, त्यामुळे गाठ शोधत पाठीवर हात फिरवण्याची वेळ येत नाही.

कोकणातला शेतकरी लावणीच्या वेळी डोक्यावर इरले घेतो. ते पुढून उघडे असते आणि त्याला त्याची खंत नसते. वाकलेल्या माणसाच्या पाठीवरच पाऊस पडतो, म्हणून पाठ झाकली की भागते. रुग्णाकडे तोंड करून उभ्या असलेल्या सिस्टरला शिंतोडे पुढून येतात, तेव्हा तिला याच्या उलट हवे. उलट्या-जुलाबांनी जमीन भरलेली असते अशा इबोलाच्या कक्षात, किंवा शव हलवताना, अंगभर सूट घालणे समजण्यासारखे आहे. पण प्रत्येक वॉर्डात तोच सूट चढवणे म्हणजे उन्हात इरले घेऊन फिरणे होय.

जाड प्लास्टिक का चालत नाही

यावर कोणी म्हणेल, की रेनकोटसारखे जाड, काहीही न झिरपणारे प्लास्टिक घाला आणि प्रश्न मिटवा. पावसाळ्यात रेनकोट घालून स्कूटरवर तासभर गेलेल्याला याचे उत्तर माहीत आहे: बाहेरून कोरडा माणूस आतून चिंब होतो.

आपले शरीर माठासारखे थंड होते. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी हवेत उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते; घामाचे काम तेच. माठाला प्लास्टिक गुंडाळले तर आतले पाणी गार होणार नाही. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगला चालतो आणि मुंबईत मे महिन्यात कमी चालतो, हेही लागू पडते, कारण दमट हवेत घाम सुकतच नाही. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता टाकतो आणि रुग्णाला उचलणारा, पलंग ढकलणारा त्याच्या काही पट. ती कोंडली गेली की आधी चिडचिड होते, मग लक्ष विचलित होते, मग चक्कर येते. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोला केंद्रांत कर्मचाऱ्यांना एका फेरीत साधारण तासभरच आत राहू देत असत. आपल्याकडे २०२० च्या मे महिन्यात, मुंबईत मैदानांवर उभारलेल्या कोविड केंद्रांतही, अनेक जण सहा-सहा तास सुटात असत आणि शौचालयाला जावे लागू नये म्हणून पाणी पीत नसत किंवा डायपर लावत.

उष्णतेचा संबंध पुन्हा उतरवण्याशीच जोडलेला आहे. घामेजलेला, थकलेला, गुदमरलेला माणूस सूट ओरबाडून काढतो. म्हणून ‘श्वास घेणारे’ कापड, म्हणजे बाहेरचा थेंब अडवून आतली वाफ बाहेर सोडणारे कापड, ही चैनीची बाब नाही. हवा खेळती ठेवली तर दूषण वाढेल ही भीती रास्त वाटते. पण आढाव्यात वाफ सोडणाऱ्या कापडामुळे दूषण वाढल्याचे दिसले नाही आणि घालणारे मात्र अधिक समाधानी होते.

मुंबईचा या बाबतीतला वाटा थोडा सविस्तर सांगायला हवा. कुलाब्याच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदल रुग्णालयाच्या आवारातील नौदल वैद्यक संस्थेने २०२० मध्ये ‘नवरक्षक’ नावाचे किट तयार केले. त्याच्या कापडावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेला नव्हता, त्यामुळे वाफ बाहेर जात असे, आणि तरीही कृत्रिम रक्ताच्या चाचणीत ते सहाव्या पायरीपर्यंत टिकले. त्याच्या शिवणींना चिकटपट्टीही लागत नव्हती, म्हणजे साधा गाऊन शिवता येणाऱ्या लहान कारखान्यालाही महागडे यंत्र न घेता ते बनवता येण्यासारखे होते. ज्या पट्टीसाठी सारा देश धावत होता तिची गरजच काढून टाकणे, हे मला या सगळ्यांत हुशारीचे वाटते. सोमैया अभियांत्रिकी महाविद्यालयातील निहाल सिंग आदर्श या विद्यार्थ्याने वेगळी वाट धरली. पुण्यात डॉक्टर असलेल्या आईचे हाल पाहून त्याने कमरेला पट्ट्यासारखे बांधायचे, गाळलेली हवा सुटात खेळवणारे यंत्र बनवले.

सगळ्यांना एकच माप

जगभरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के महिला आहेत, आणि सूट मात्र बहुधा उंच पुरुषाच्या मापावर बेतलेले असतात. पाच फूट उंचीच्या सिस्टरला मोठ्या मापाचा सूट दिला, तर त्याचा पायजमा पायात येतो, बाही बोटांवर लोंबते आणि अंबाडा असलेल्या डोक्यावर टोपी नीट बसत नाही, ती मागे ओढली जाऊन कपाळ उघडे पडते. उलट तंग सूट खाली वाकताना नेमका जांघेच्या शिवणीत फाटतो. जुन्या शिंप्यांना यावरचा उपाय माहीत आहे; काखेत आणि जांघेत ते कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, बसवतात, म्हणजे हात वर केला तरी सदरा वर ओढला जात नाही. सुटात अशी कळी बसवायला कापड मूठभर लागते. मापांच्या यादीत ‘लहान’ आणि ‘मध्यम’ हे दोन आकडे घालायला तर तेही लागत नाही, फक्त खरेदी करणाऱ्याने तशी मागणी नोंदवावी लागते.

नीट शिकवले तर साधा सूट पुरणार नाही का?

हा आक्षेप गंभीर आहे, कारण त्याला आकड्यांचा आधार आहे. ओहायोच्या अभ्यासात चुकीच्या पद्धतीने कपडे काढणाऱ्यांत दूषण ७० टक्के होते आणि योग्य पद्धतीने काढणाऱ्यांत ३० टक्के. चमकणारे मलम लावून, स्वतःची चूक स्वतःला दाखवून सराव करून घेतल्यावर ते ६० टक्क्यांवरून १९ टक्क्यांपर्यंत उतरले आणि पुढचे तीन महिने कमीच राहिले. उतरवताना समोर उभे राहून कोणी एकेक पायरी मोठ्याने सांगितली तरी फरक पडतो, हातमोज्यांच्या दोन जोड्या घातल्या तरी पडतो. म्हणजे प्रशिक्षण हवेच.

पण तीच आकडेवारी पुन्हा वाचावी. पद्धत योग्य असूनही दहापैकी तिघांना मलम लागलेच. ही तिघे निष्काळजी नव्हती. त्यांच्या हातातला कपडा त्यांना साथ देत नव्हता. शिवाय साथ आली की कंत्राटी भरती होते, दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळालेली मुले-मुली वॉर्डात येतात, आणि मावशी व सफाई कामगारांना तर तेवढेही मिळत नाही, जरी मलिन कपड्यांच्या पिशव्या उचलण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येते.

करोनात हे सगळे सूट वायाच गेले का?

करोना मुख्यतः हवेतून पसरतो हे पुढे स्पष्ट झाले, आणि तिथे नीट बसणारा एन-९५ मास्क आणि उघड्या खिडक्या यांचे महत्त्व सुटापेक्षा अधिक होते. त्या दृष्टीने साध्या वॉर्डांत अंगभर सूट घालून घामाघूम झालेल्यांना मास्क आणि गाऊनवर भागवता आले असते. इबोला आणि निपाह यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे रुग्णाच्या शरीरातील द्रवांचा संपर्क हा मोठा मार्ग आहे, आणि त्वचेवर काय लागले याला फार महत्त्व येते. कोणत्या रोगाला कोणता कपडा, हे रोग कसा पसरतो यावरून ठरते. सूट किती भारी दिसतो यावरून नव्हे. चमकणाऱ्या मलमाचे प्रयोगही दूषण दाखवतात, लागण नव्हे. त्यामुळे ४६ टक्के हा आकडा वाचून इतके लोक आजारी पडतात असे समजू नये.

हे आपल्या रुग्णालयांना परवडेल का?

पाठीवर चेन, जोडलेली काच आणि पंखा असलेला सूट जिल्हा रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात बसणार नाही, हे मान्य. पण वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक बदल कापडाच्या तुकड्यांचे आहेत: अंगठ्याचा फासा, धरायचे शेपूट, तुटणारे बंद, काखेतली कळी, आतली आणि बाहेरची बाजू वेगळ्या रंगाची म्हणजे थकलेल्या डोळ्यांनाही मलिन कोणती ते कळावे. उलट जिथे गाऊनने काम भागते तिथे अंगभर सूट न वापरल्याने पैसे वाचतात आणि लाल-पिवळ्या पिशव्यांत भरून विल्हेवाटीला पाठवायचे प्लास्टिकही घटते.

अडचण निविदेत आहे. कापडाचे वजन, रक्ताच्या चाचणीची पायरी, शिवणीवरची पट्टी, हे सगळे तिथे आकड्यांत मागता येते, कारण ते कापडाच्या तुकड्यावर प्रयोगशाळेत मोजता येते. उतरवण्याची सोय मोजायला जिवंत माणूस लागतो. मात्र तो प्रयोगही फारसा अवघड नाही. खरेदी समितीने प्रत्येक पुरवठादाराकडून दहा नग मागवावेत, चमकणारे मलम आणि अतिनील दिवा आणावा, आणि रात्रपाळी संपवून निघालेल्या, कमी-जास्त उंचीच्या चार सिस्टर आणि दोन सफाई कामगार यांना ते सूट चढवून, मलम लावून, उतरवायला सांगावे. मग खोलीतले दिवे मालवून त्यांची मनगटे आणि माना पाहाव्यात.